पुलाच्या सांध्याचा हिशेब

पूल म्हणजे स्थिर वस्तू, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. नदी वाहते, वाहने धावतात, माणसे येतात-जातात. पूल मात्र आपल्या जागी उभा असतो. वस्तुतः पूलही हलत असतो. सकाळी ऊन चढू लागले की तो लांबू लागतो आणि रात्री हवा निवली की आखडतो. हा क्रम वर्षाचे ३६५ दिवस चालतो. वीस वर्षांत तो सात हजारांहून अधिक वेळा घडतो. या हालचालीसाठी पुलाच्या गाळ्यांमध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते. त्या फटीवर पोलादाची आणि रबराची जी पट्टी बसवतात, तिला प्रसरण-सांधा म्हणावे; बोलताना आपण एक्स्पान्शन जॉइंट म्हणतो. एस.टी.तून किंवा स्कूटरवरून पूल ओलांडताना ठरावीक अंतराने जो दणका बसतो, तो बहुधा या सांध्याचाच असतो.

पुलाच्या एकूण खर्चात या सांध्यांचा वाटा अगदी किरकोळ असतो. तथापि पुलाचे आयुष्य बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून राहते, आणि आपल्याकडे सर्वाधिक हेळसांड होते तीही त्यांचीच. हा विषय वरकरणी स्थापत्यशास्त्राचा दिसतो. परंतु अभियंत्यांनी त्याचे तांत्रिक उत्तर केव्हाच शोधले आहे. सांध्यांसंबंधी आणि पुलांच्या तपासणीसंबंधी इंडियन रोड्स काँग्रेसची स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तके आहेत. जे उत्तर अद्याप सापडायचे आहे ते पैशाच्या नियोजनाचे आहे. म्हणूनच अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात लक्ष घालणे अनाठायी ठरू नये.

उष्णतेचे साधे गणित

तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की पोलादाची लांबी दहा लाख भागांत सुमारे १२ भागांनी वाढते. काँक्रीटची १० ते १२ भागांनी. या दोन पदार्थांचे प्रसरण जवळजवळ सारखे असणे ही मोठीच सोय आहे. ते सारखे नसते, तर काँक्रीटमध्ये पोलादी सळया घालून बांधकाम करण्याची पद्धतच रूढ होऊ शकली नसती. विदर्भात जानेवारीतील रात्रीचा पारा १० अंशांखाली जातो आणि मे महिन्यातील दुपारी तो ४५ अंशांच्या पुढे सरकतो. पुलाचे अंग हवेइतक्या त्वरेने तापत वा निवत नाही हे खरे. पण ढोबळ अंदाजासाठी ३५ अंशांचा फरक धरला, तर १०० मीटर लांबीचा अखंड पूल हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात सुमारे चार सेंटीमीटरने लांब होतो.

चार सेंटीमीटर म्हणजे दोन बोटांची रुंदी. एवढ्याने काय बिघडणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. बिघडते ते हालचालीला वाव न दिल्यामुळे. दोन्ही टोके पक्की जखडलेल्या काँक्रीटच्या तुळईचे तापमान नुसते २० अंशांनी उतरले, तरी तिच्यात निर्माण होणारा ताण काँक्रीटच्या ताण सोसण्याच्या शक्तीच्या सुमारे दुप्पट भरतो. साहजिकच ती तडकते. उन्हाळ्यात हाच जोर उलट्या दिशेने खांबांवर आणि टोकाच्या भिंतींवर पडतो. निसर्गाच्या या ताकदीशी झुंज घेण्यापेक्षा तिला वाट करून देणे शहाणपणाचे, हे तत्त्व आगगाडीच्या रुळांनी आपल्याला फार पूर्वी शिकवले. रुळांच्या जोडावर ठेवलेल्या फटीमुळेच जुन्या गाडीच्या चाकांना तो परिचित ठेका मिळाला होता.

जुन्या दगडी कमानींना असे सांधे नसत, मग त्या शंभर-शंभर वर्षे कशा टिकल्या, असा प्रश्न कोणी विचारील. कमान तापली की तिचा माथा किंचित वर उचलला जातो आणि निवली की खाली बसतो. शिवाय चुन्याचा दर्जा थोडीफार हालचाल पोटात घेतो. सरळ तुळईला ही सवलत नाही. तुळईचा पूल बांधायचा म्हणजे एक टोक धरून ठेवायचे आणि दुसरे सरकू द्यायचे. त्यासाठी खाली बेअरिंग बसवायचे आणि वर फट झाकणारा सांधा द्यायचा. लांब गाळ्यांचे पूल स्वस्तात आणि लवकर बांधण्याची जी शक्ती विसाव्या शतकाने आपल्याला दिली, तिच्या सोबत सांध्यांची सतत काळजी घेण्याची जबाबदारीही आली. शक्ती आपण उचलली. जबाबदारी तशीच राहिली.

पाण्याची वाट

सांध्याला दोन कामे करावी लागतात. पुलाला हलू देणे हे पहिले आणि पुलावरचे पाणी खाली जाऊ न देणे हे दुसरे. व्यवहारात दुसरे काम आधी बंद पडते. फटीतील रबर उन्हाने कडक होते, तिच्यात वाळू आणि खडे अडकतात, जड मालमोटारींच्या चाकांखाली पोलादी कडा सैल होतात. एकदा रबर फाटले की पावसाचे पाणी तेथून सरळ खाली, तुळयांच्या टोकांवर, बेअरिंगांवर आणि खांबांच्या माथ्यांवर ठिबकू लागते. पुलाचे हे सर्वांत नाजूक आणि सर्वांत अंधारे भाग होत. वरून जाणाऱ्याला ते दिसत नाहीत आणि खालून पाहायचे तर शिडी, पाळणा किंवा होडी लागते. पाणी काँक्रीटमध्ये मुरते, आतल्या सळया गंजतात, गंज चढल्याने फुगतात आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. कोकणात तापमानाचा फरक विदर्भापेक्षा कमी असतो. म्हणजे तेथे सांध्याला हलावे कमी लागते. पण तेथील पाऊस आणि खाडीची खारी हवा यांमुळे फाटलेल्या सांध्याची शिक्षा अधिक कडक होते.

यात भर घालणारी एक पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. रस्त्याचे डांबरीकरण करताना पुलावरचे सांधेही डांबराखाली गाडून टाकले जातात. काही महिने पूल गुळगुळीत भासतो आणि लोकही समाधान मानतात. मग पहिल्या कडक उन्हात वा थंडीत डांबराला नेमक्या त्याच जागी आडवी चीर पडते आणि पाणी पुन्हा आपली वाट शोधते. पाणी वाहून नेण्यासाठी कठड्यालगत ठेवलेली भोकेही अशाच थरांखाली बुजतात. रस्ता दुरुस्त झाल्याची नोंद कागदावर होते. पुलाचे आयुष्य मात्र त्याच दिवशी घटलेले असते.

अनुभवाचे धडे

प्रथम शेजारचे उदाहरण घेऊ. पणजी येथे मांडवी नदीवर बांधलेला पूल १९८६ च्या जुलै महिन्यात कोसळला, तेव्हा त्याच्या वयाची वीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. पूर्वताणित काँक्रीटच्या पोटातील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. खाऱ्या, दमट हवेत पोलादापर्यंत ओलावा पोहोचला की काय होते, याचा तो धडा होता. पणजीचा पलीकडच्या तीराशी असलेला सरळ संपर्क तुटला आणि माणसांना पुन्हा फेरीबोटींचा आश्रय घ्यावा लागला.

दुसरे उदाहरण बिहारमधील आहे आणि ते सांध्यांच्या प्रश्नाशी अधिक निगडित आहे. पाटणा आणि हाजीपूर यांना जोडणारा, साडेपाच किलोमीटरांहून लांब असा महात्मा गांधी सेतू १९८२ मध्ये खुला झाला. दोन्ही खांबांकडून पुढे आलेले काँक्रीटचे बाहू गाळ्याच्या मध्यावर बिजागरीसारख्या सांध्याने जोडावयाचे, अशी त्याची रचना होती. वर्षानुवर्षांच्या भाराने हे बाहू टोकाशी वाकत गेले, मधले सांधे झिजले आणि पुलाची दुरुस्ती हाच एक कायमचा उद्योग होऊन बसला. अखेर सबंध काँक्रीटचा वरचा भाग उतरवून खांबांवर पोलादी सांगाडा चढवावा लागला. १,७०० कोटी रुपयांहून अधिक खर्च मंजूर झालेले हे काम २०२२ मध्ये पुरे झाले. ज्या पुलाने तीन-चार पिढ्यांची सेवा करावयाची, त्याचा माथा चाळीस वर्षांत बदलावा लागला.

हे केवळ गरीब देशांचे दुखणे आहे असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात मायॅनस नदीवरील महामार्गाच्या पुलाचा एक गाळा २८ जून १९८३ रोजी खाली कोसळला आणि तिघे दगावले. हा गाळा खिळी आणि लोंबत्या पट्ट्यांवर टांगलेला होता. उष्णतेच्या हालचालीला वाव मिळावा हाही त्या रचनेचा एक हेतू. अपघातापूर्वी सुमारे दहा वर्षे रस्तादुरुस्तीच्या वेळी पुलावरील पाण्याचे निचरे बुजवले गेले होते. पाणी सांध्यावाटे खाली उतरत राहिले आणि खिळीभोवतीच्या गंजाने पट्टी तिच्या जागेवरून सरकली. त्या राज्यात तेव्हा ३,४०० हून अधिक पुलांच्या तपासणीसाठी अवघे १२ अभियंते होते आणि ते जोडीजोडीने काम करीत. कॅनडातील लाव्हाल शहरात ३० सप्टेंबर २००६ रोजी एक उड्डाणपूल कोसळून पाच माणसे मृत्यू पावली. तेथे सळयांची चुकीची मांडणी आणि काँक्रीटचा निकृष्ट दर्जा ही कारणेही चौकशीत पुढे आली. पण जो भाग निखळला तो प्रसरण-सांध्याखालच्या, सहज न दिसणाऱ्या बैठकीचा होता, हे विसरता येत नाही.

श्रीमंत असो की गरीब, सर्वत्र चूक एकाच ठिकाणी होते, असे यावरून दिसते. जे नवे आणि नजरेसमोर आहे त्याला पैसा मिळतो. जे जुने आणि झाकलेले आहे ते ताटकळत राहते.

भांडवली पुण्य, महसुली पाप

असे का व्हावे? सरकारी माणसे निष्काळजी असतात, हे उत्तर सोपे आहे; परंतु ते अपुरे आहे. खरे कारण आपल्या हिशेबाच्या पद्धतीत दडलेले आहे. नवा पूल बांधला की तो खर्च भांडवली खात्यात पडतो आणि तो विकासाचा खर्च गणला जातो. त्याच पुलाचा सांधा बदलला की तो खर्च सर्वसाधारणपणे महसुली खात्यात जातो. पगार, निवृत्तिवेतन आणि कार्यालयीन खर्च यांच्या पंक्तीत. २००३ मध्ये केंद्राने आणि नंतर राज्यांनी वित्तीय शिस्तीचे कायदे केले. महसुली तूट आटोक्यात आणणे हा त्यांचा एक प्रमुख हेतू होता आणि तो योग्यही होता. पण पगार कापता येत नाहीत, कर्जावरचे व्याज टाळता येत नाही. मग कात्री लागते ती देखभालीला. देखभालीला संघटना नाही, ती मोर्चा काढीत नाही आणि तिचे उद्घाटनही होत नाही.

दुसरा दोष घसाऱ्याचा. साधा किराणा दुकानदारसुद्धा आपल्या वजनकाट्याचा घसारा वहीत दाखवतो. आपली सरकारे मात्र मुख्यतः रोख जमाखर्चाच्या पद्धतीने हिशेब ठेवतात. वर्षभरात पुलांची जी झीज झाली तिची नोंद अर्थसंकल्पात कोठेच होत नाही. त्यामुळे देखभालीवर खर्च न करणारे खाते कागदावर काटकसरी ठरते. प्रत्यक्षात त्याने जनतेची मालमत्ता विकून खाल्लेली असते.

हे दुखणे जाणकारांच्या ध्यानात आले नाही असे नाही. बाराव्या वित्त आयोगाने रस्ते व पूल यांच्या देखभालीसाठी राज्यांना १५,००० कोटी रुपयांचे स्वतंत्र अनुदान सुचवले होते. तेराव्या आयोगाने ही रक्कम १९,९३० कोटींपर्यंत नेली. चौदाव्या आयोगाने अशी विषयवार अनुदाने पुढे चालू ठेवली नाहीत. राज्यांना अधिक मोकळा पैसा द्यावा आणि त्यांनी आपला विवेक वापरावा, हा त्यामागचा विचार संघराज्याच्या दृष्टीने उचितच होता. परंतु विवेकाला प्रोत्साहन लागते, आणि ते उलट दिशेने मिळाले. २०२०-२१ पासून केंद्राने राज्यांना ५० वर्षे मुदतीची बिनव्याजी कर्जे देण्याची योजना सुरू केली, तीही भांडवली खर्चासाठीच. नव्या पुलाला बिनव्याजी पैसा आणि जुन्या सांध्याला तुटीचा धाक, अशी ही स्थिती आहे.

पुढे ढकलण्याचे व्याज

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि त्याचा विचार केलाच पाहिजे. देश गरीब आहे. असंख्य गावांना पावसाळ्यात ओढा ओलांडायला साकवही नाही. अशा वेळी उपलब्ध पैसा नव्या पुलांना द्यावा आणि जुन्यांची दुरुस्ती थोडी पुढे ढकलावी, हे न्याय्य नाही काय? हा युक्तिवाद पोकळ नाही. आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोलाचा, हे तर अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे. आठ टक्के दराने आजचे एक लाख रुपये दहा वर्षांनी सुमारे २ लाख १६ हजार होतात. म्हणजे आज एक लाखात होणारी दुरुस्ती दहा वर्षांनी २ लाख १६ हजारांपेक्षा कमी पैशात होणार असेल, तर ती खुशाल पुढे ढकलावी.

पण तसे होत नाही. डी सिटर या तज्ज्ञाने १९८४ मध्ये काँक्रीटच्या बांधकामांसाठी एक अनुभवाचा ठोकताळा मांडला. तो 'पाचाचा नियम' म्हणून ओळखला जातो. मुळात नीट बांधण्यावर न केलेला एक रुपयाचा खर्च झीज सुरू होण्याच्या सुमारास पाच रुपयांचा होतो, ठिकठिकाणी बिघाड झाल्यावर पंचवीस रुपयांचा आणि सर्वत्र बिघाड पसरल्यावर सव्वाशे रुपयांचा. हा काही निसर्गनियम नव्हे. तरी त्यातील एकच पायरी गणितासाठी घेऊ. दहा वर्षांच्या दिरंगाईत खर्च पाचपट झाला, तर ती दिरंगाई म्हणजे दरसाल सुमारे साडेसतरा टक्के चक्रवाढ दराने घेतलेले कर्ज होय. याहून कितीतरी स्वस्तात सरकारला बाजारात कर्ज मिळते. मग ही सावकारी का पत्करावी? जागतिक बँकेच्या १९९४ च्या विकास अहवालात आफ्रिकेतील रस्त्यांचा असाच हिशेब आहे: वेळीच १२ अब्ज डॉलर देखभालीवर खर्चले असते, तर पुनर्बांधणीचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते.

शिवाय या हिशेबात लोकांचा वेळ आलेलाच नाही. मुंबईत सायनच्या उड्डाणपुलाची बेअरिंगे बदलण्यासाठी २०२० मध्ये टप्प्याटप्प्याने वाहतूक बंद ठेवावी लागली. ते काम आवश्यकच होते आणि ते केले याबद्दल तक्रार नाही. पण अशा प्रत्येक बंदचे मोल कचेरीत उशिरा पोहोचणारा कारकून, परीक्षेला निघालेला विद्यार्थी आणि रुग्णवाहिकेतील रोगी मोजतो. बेअरिंग जितके अधिक टिकेल तितके हे मोल कमी. आणि बेअरिंगचे टिकणे पुष्कळसे वरच्या सांध्याच्या पाणी अडवण्यावर अवलंबून असते.

काय करता येईल

'सर्वांत चांगला सांधा म्हणजे सांधा नसणे' असे पूल बांधणारे अभियंते म्हणतात. ब्रिटनने १९९५ च्या सुमारास साधारण ६० मीटरपर्यंतचे पूल शक्यतो सांध्याविना, टोकाच्या भिंतींशी एकजीव बांधावेत असे धोरण स्वीकारले. अशा पुलात हालचाल नाहीशी होत नाही. ती भिंतीमागील भरावाने आणि लवचीक खांबांनी सोसावयाची असते. म्हणूनच लांबीवर मर्यादा येते. आपल्याकडील ओढ्यानाल्यांवरच्या लहान पुलांना ही पद्धत अधिक प्रमाणात लागू करता येण्याजोगी आहे. मोठ्या पुलांना मात्र सांधे राहणारच, आणि शंभर वर्षांसाठी योजलेल्या पुलात ते अनेकदा बदलावे लागणार, हे बांधतानाच गृहीत धरले पाहिजे.

यासाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक नव्या पुलाच्या मंजुरीबरोबरच त्याच्या सांध्यांच्या व बेअरिंगांच्या बदलाचा खर्च वर्षवार मांडावा आणि तेवढी रक्कम वेगळ्या निधीत दरसाल टाकावी. दुसऱ्या कामाकडे ती वळवण्यास मनाई असावी. दुसरी, सांधा उघडा ठेवल्याचे आणि निचरे साफ असल्याचे अभियंत्याने लेखी प्रमाणित केल्याशिवाय पुलावरील डांबरीकरणाचे देयक अदा होऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक पुरते. तिसरी, तपासणीचे अहवाल लोकांसाठी खुले असावेत. केंद्राने २०१६ मध्ये पुलांची देशव्यापी नोंदणी हाती घेतली आणि तीत दीड लाखाहून अधिक लहानमोठ्या पुलांची माहिती गोळा झाली. ही माहिती तालुक्याच्या वाचनालयापर्यंत पोहोचावी. गावातील शिक्षकाला आणि महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आपल्या पुलाची प्रकृती कळली पाहिजे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन बसगाड्या गेल्या. त्या पुलाचा बिघाड सांध्यांचा नव्हता. पण त्या जागी नवा पूल वर्षाच्या आत, २०१७ च्या जूनमध्ये उभा राहिला, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पैसा, यंत्रे, अभियंते आणि निर्धार यांपैकी कशाचीही आपल्याकडे वाण नाही, हे तिने सिद्ध केले. हे सारे माणसे गेल्यानंतर एकत्र येते. ते आधी यावे, एवढीच अपेक्षा आहे.

पुलाच्या टोकाशी उद्घाटनाची कोनशिला असते. तिच्यावर कोणाच्या शुभहस्ते आणि कोणत्या तारखेला, हे कोरलेले असते. तिच्याखाली आणखी दोन ओळी लिहिण्याची सक्ती करावी: सांधे शेवटचे तपासले ती तारीख आणि पुढच्या वेळी बदलावयाचे ते वर्ष. या ओळी रंगवायला रंगाचा एक डबा पुरेल. त्या खऱ्या ठेवण्यासाठी लागणारा पैसा मात्र दर मार्चमध्ये अर्थसंकल्पात दिसला पाहिजे, आणि तो दिसला नाही तर आपल्या आमदाराला त्याचा जाब विचारला पाहिजे.